अर्ज शेवटाकडून भरायचा : भाचीच्या परदेशी एमबीबीएस ऍडमिशनची पूर्ण केस

मुलगी लातूर जिल्ह्यातली, ओपन कॅटेगरी, बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) 78 टक्के, नीट म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेत 2025 ला 720 पैकी 372. नात्याने माझी भाची. 2024 ला पहिल्यांदा दिली, मग वर्षभर ड्रॉप घेऊन ट्युशन एरियात रूम करून राहिली, आणि 4 मे 2025 चा पेपर कसा निघाला ते ज्यांनी दिलाय त्यांना सांगायला नको, फिजिक्सने चांगल्या चांगल्या पोरांना रडवलं. ओपनचा क्वालिफाईंग कटऑफ 144 होता त्यामुळे ती क्वालिफाय होतीच, पण क्वालिफाय होणं वेगळं आणि सीट लागणं वेगळं. सरकारी तर सोडाच, खाजगीच्या कॅप राऊंडलाही (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीलाही) 372 वर काही लागण्यासारखं नव्हतं, आणि इन्स्टिट्यूशनल कोटा नि डीम्डचे आकडे ऐकून दाजी गप्पच बसले. बीएएमएस मिळत होतं, बीडीएस मिळत होतं. तिला एमबीबीएसच करायचं होतं.

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, निकाल लागला की दरवर्षी पालक अशा फाईली घेऊन येतात. ही केस घरातली, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत हातात होती, आणि यात जे जे प्रश्न आले ते जवळपास प्रत्येक घरात येतात, फक्त बरीचशी घरं ते प्रश्न पैसे भरून झाल्यावर विचारतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. परदेशी मेडिकलला ऍडमिशन मिळेल का, हा प्रश्नच नाही. नीट क्वालिफाय आहे, बारावीला पीसीबी आणि इंग्रजी आहे, पासपोर्ट आहे, की ऍडमिशन मिळते, आठवड्यात ऑफर लेटर येतं. खरा प्रश्न सात-आठ वर्षांनी येतो, पोरगी डिग्री घेऊन परत आली आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या खिडकीवर उभी राहिली की तिला रजिस्ट्रेशन मिळेल का. त्यामुळे अर्ज भरायचा तो त्या खिडकीपासून सुरू करून मागे मागे यायचा. रजिस्ट्रेशनला काय लागतं, मग ते कागद कुठलं कॉलेज देऊ शकतं, आणि मग फी. आपल्याकडे बरोबर उलटं होतं, आधी फी विचारतात, मग हॉस्टेलला इंडियन मेस आहे का विचारतात, आणि नियम कुणी वाचतच नाही.

नियम आहे 18 नोव्हेंबर 2021 चा, नॅशनल मेडिकल कमिशनचा (एनएमसी), परदेशी पदवीधरांच्या लायसन्सबद्दलचा. काही पानांचाच आहे, कुणालाही वाचता येईल. त्यातलं आपल्या कामाचं असं की कोर्स कमीत कमी 54 महिन्यांचा पाहिजे, त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी कॉलेजात झाली पाहिजे, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी पाहिजे, पूर्ण शिक्षण एकाच कॉलेजात म्हणजे मधेच बदली चालत नाही, सगळं मिळून 10 वर्षांच्या आत झालं पाहिजे, आणि भारतात आल्यावर परीक्षा पास होऊन परत 12 महिन्यांची इंटर्नशिप. आणि एक कलम असं आहे ज्याच्यावर एजंट कधीच बोलत नाहीत : ज्या देशात शिकलात त्या देशात डॉक्टरकी करायचा परवाना देणाऱ्या संस्थेकडे तुमची नोंदणी पाहिजे, आणि तो परवाना तिथल्या नागरिकाला मिळतो त्याच्या बरोबरीचा पाहिजे. म्हणजे नुसती डिग्री घेऊन चालणार नाही, त्या देशाने तुम्हाला डॉक्टर म्हणून कामाला उभं राहू दिलं पाहिजे. माझ्या मते सगळ्या नियमातलं हे सगळ्यात जड कलम आहे आणि कॉलेज निवडायचं ते याच्यावरच.

आता केसकडे. जूनमध्ये निकाल लागला आणि पंधरवड्यात ताईच्या घरी तीन कन्सल्टंसीची माणसं येऊन गेली. पहिला प्रस्ताव किर्गिझस्तानचा, पाच वर्षांचा कोर्स, सगळं पॅकेज एकदम स्वस्त. दुसरा जॉर्जिया. तिसरा रशिया. तिघांच्याही ब्रोशरवर मोठ्या अक्षरात 'एनएमसी अप्रूव्हड' लिहिलेलं. हे इथंच थांबून नीट सांगतो कारण लोक याच दोन शब्दांवर लाखो रुपये देतात : एनएमसी कुठल्याही परदेशी कॉलेजला अप्रूव्हल देत नाही. अशी यादीच नाही. कमिशनने नियम घालून दिलेत, तुमचं शिक्षण त्यात बसतं की नाही हे बघायची जबाबदारी तुमची. जागतिक मेडिकल कॉलेजांच्या डिरेक्टरीत नाव असणं ही वेगळी गोष्ट आहे, ते तर पाहिजेच, पण नाव आहे म्हणजे भारतात रजिस्ट्रेशन मिळेल असं अजिबात नाही. मी एका प्रतिनिधीला विचारलं, अप्रूव्हलचं पत्र दाखवा. तो म्हणला, सर वेबसाईटवर आहे. म्हणलं आत्ता उघडा मोबाईल, दाखवा. मग त्याने ऑफिसला फोन लावला आणि बोलत बोलत बाहेर गेला.

मग आम्ही तिन्ही कॉलेजांच्या परदेशी विद्यार्थी विभागाला सरळ ईमेल केला, एजंटला मधे न घेता, आणि हे भाचीनेच केलं, तिच्या नावाने, तिच्या आयडीवरून. प्रश्न साधेच. कोर्स किती महिन्यांचा, इंटर्नशिप किती महिन्यांची आणि कुठल्या हॉस्पिटलात, ती ट्रान्सक्रिप्टवर वेगळी लिहून येते का. सगळी वर्षं इंग्रजीत शिकवता का, की चौथ्या वर्षापासून तुमच्या भाषेत. आणि तुमच्या देशात डॉक्टरकी करायला पदवीनंतर कुठली परीक्षा लागते, ती परदेशी विद्यार्थ्याला देता येते का, कुठल्या भाषेत असते, आत्तापर्यंत तुमच्या किती भारतीय विद्यार्थ्यांनी दिली.

पाच वर्षांवाल्या कॉलेजकडून उत्तरच आलं नाही. एजंटचा व्हॉट्सॲप आला, सर टेन्शन घेऊ नका, आमची शेकडो मुलं आहेत तिथं. पाच वर्षं म्हणजे 60 महिने, त्यात 54 बसतात हे खरं, पण मग 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच कॉलेजात कधी करायची? यावर त्याचं म्हणणं की इंटर्नशिप इंडियात करा, तसंही इंडियात करावीच लागते. म्हणजे दोन वेगवेगळ्या इंटर्नशिप आहेत हे त्याला माहीतच नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. वर म्हणला पहिलं वर्ष नाही आवडलं तर दुसऱ्या देशात ट्रान्सफर करून देऊ. नियमात ट्रान्सफर बंद आहे! अशा वेळी 2024 च्या मे महिन्यात बिश्केकला परदेशी पोरांच्या हॉस्टेलवर जमाव चालून गेला होता तेव्हाची आठवण ताईला होतीच, दूतावासाने पोरांना बाहेर पडू नका म्हणून सांगितलेलं. फाईल बंद केली.

जॉर्जियाकडून व्यवस्थित उत्तर आलं. सहा वर्षांचा कोर्स, पूर्ण इंग्रजी. पण सहा वर्षांनंतर स्वतंत्र प्रॅक्टिस करायची तर पुढं रेसिडेन्सी आणि राज्याची परीक्षा, तोपर्यंत ज्युनिअर डॉक्टर. आता या ज्युनिअर डॉक्टरला 'नागरिकाच्या बरोबरीचा परवाना' म्हणायचं का, हे मला लेखी कुणी सांगेना, आणि जी गोष्ट लेखी मिळत नाही तिच्यावर पोरीची सहा वर्षं लावायला माझं मन तयार नव्हतं. देश चांगला, अभ्यास चांगला असेल, त्याच्याशी माझं भांडण नाही, फक्त मागून पुढं वाचत आलं की इथं रस्ता धूसर होतो एवढंच.

रशियाचं कॉलेज काझानचं, सरकारी. तिथून उत्तर आलं ते तुटक इंग्रजीत होतं पण मुद्द्याला धरून होतं. जनरल मेडिसिनचा सहा वर्षांचा स्पेशालिस्ट कोर्स, त्याला तिकडं 'लेचेब्नोये देलो' म्हणतात, कोर्स कोड 31.05.01. सहावं वर्ष क्लिनिकल, त्याचं पत्र आणि तासांचा तपशील देऊ म्हणाले. माध्यम सहाही वर्षं इंग्रजी, पण रशियन भाषा विषय म्हणून पहिल्या वर्षापासून कंपलसरी, कारण वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही. आणि परवान्याचं असं की रशियात पदवीनंतर प्राथमिक अक्रेडिटेशन म्हणून परीक्षा असते, आधी एमसीक्यू, मग डमीवर हाताने करून दाखवायचं प्रॅक्टिकल, मग केसेस, आणि ती पास झाली की तिथला पदवीधर बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर म्हणून लागू शकतो. परदेशी विद्यार्थ्यालाही देता येते. भाषा रशियन. किती भारतीयांनी दिली याला उत्तर नव्हतं.

हे उत्तर मी दाजींना वाचून दाखवलं तर ते म्हणले, "म्हणजे एमबीबीएस इंग्रजीत आणि परवाना रशियनमधे? मग ही पोरगी काय रशियन शिकत बसणार का?" म्हणलं दाजी, तेच तर आहे. जी पोरं सहा वर्षं इंडियन मेस आणि इंडियन हॉस्टेलमधे राहून नमस्ते-धन्यवादापुरती रशियन शिकतात ती पेशंटची हिस्टरी घेऊ शकत नाहीत, वॉर्डात मागं उभी राहतात, आणि मग इथं येऊन परीक्षेला बसतात तेव्हा क्लिनिकलच्या प्रश्नात अडकतात. भाषा येणं हे परवान्यासाठी पण लागतं आणि डॉक्टर होण्यासाठी पण लागतं. भाचीला विचारलं. ती म्हणली, "मामा, इंग्रजी मी आठवीनंतर शिकले, आमच्या गावात कुठं कोण बोलत होतं. रशियन पण शिकेन." खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वाटलं की हिला पाठवायला हरकत नाही.

परत आल्यावरच्या परीक्षेबद्दल घरात सगळ्यांना अंदाज पाहिजे म्हणून तेही कागदावर मांडलं. एफएमजीई, म्हणजे परदेशी मेडिकल पदवीधरांची भारतातली परीक्षा, 300 प्रश्न, पास व्हायला 150, निगेटिव्ह मार्किंग नाही, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. ऐकायला सोपी वाटते. जून 2025 ला निकाल लागला 18.61 टक्के. म्हणजे शंभर पोरं बसली तर ऐंशीच्या वर नापास. ही परीक्षा घेणाऱ्या एनबीईएमएस या संस्थेने जुन्या काही वर्षांचे कॉलेजवार निकाल पण काढलेत, कुठल्या कॉलेजचे किती बसले किती पास झाले, ते आम्ही बसून बघितले, आणि हे बघताना एक काळजी घ्या, ज्या कॉलेजचे चारच बसले आणि दोन पास झाले त्याचा 50 टक्के एजंट ब्रोशरवर छापतो, त्याला काही अर्थ नाही, ज्यांचे शंभर-दोनशे बसतात त्यांचा आकडा बघा आणि एकाच वर्षाचा नाही तर दोन-तीन वर्षांचा सलग बघा. पुढं या परीक्षेच्या जागी नेक्स्ट आणायचं ठरलेलं आहे, ती कधी येईल त्यावर विसंबून राहू नका, अभ्यास तोच लागणार आहे. आणि पास झाल्यावरही इथल्या इंटर्नशिपची सीट लगेच मिळते असं नाही, 2022 च्या परिपत्रकात परदेशी पदवीधरांसाठी कॉलेजच्या सीटच्या 7.5 टक्के एवढीच मर्यादा घातलीय, त्यामुळे थांबावं लागतं. सगळं धरून आठ वर्षं. हे ताईला तोंडावर सांगितलं. बीएएमएस साडेपाच वर्षांत हातात येतं, हेही सांगितलं.

पैशाचा हिशोब. ब्रोशरवर होते 28 लाख. मी वहीत मांडले ते असे : फी वर्षाला 4 लाख 60 हजार, सहा वर्षांचे 27 लाख 60 हजार, म्हणजे ब्रोशरचा आकडा नुसत्या फीचाच होता. हॉस्टेल, जेवण, इन्शुरन्स, व्हिसा वाढवणं, थंडीचे कपडे असं वर्षाला 1 लाख 80 हजार, त्याचे 10 लाख 80 हजार. वर्षातून एकदा जाणंयेणं 60 हजार धरलं तर 3 लाख 60 हजार. झाले 42 लाख. यात फीवाढ नाही, रुबल वर गेला तर ते नाही, परत आल्यावर एफएमजीईचा क्लास आणि वर्षभराचं राहणं नाही. दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे, बरं चालतं, पण 42 लाख म्हणजे कर्जाशिवाय नाही.

बँकेत काय झालं ते सांगतो कारण खेड्यातल्या घरांना हे आधी कळलं पाहिजे. साडेसात लाखापर्यंत तारण लागत नाही, त्याच्या वर लागतं. दाजी सातबारा घेऊन गेले. मॅनेजरने हात जोडले, शेतजमीन तारण चालत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा घर पाहिजे. कारण साधं आहे, कर्ज थकलं तर ज्या सरफेसी कायद्याखाली बँक तारण ताब्यात घेते तो शेतजमिनीला लागू नाही. आठ एकर बागायती असून बँकेच्या दृष्टीने कागद कोरा. शेवटी लातुरातलं जुनं घर ताईच्या सासूबाईंच्या नावावर होतं ते त्यांना को-ऍप्लिकंट करून तारण लागलं, त्याची टायटल सर्च आणि व्हॅल्युएशन यात दीड महिना गेला. ज्यांना कर्ज काढायचंय त्यांनी नीटच्या निकालाआधी घराचे कागद काढून ठेवा, हे मनापासून सांगतो. बाहेर पैसे पाठवताना वर्षाला 10 लाखाच्या आत असलं तर टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) कापत नाहीत, एप्रिल 2025 पासून ही मर्यादा आहे, आमचं त्यात बसत होतं.

पैसे पाठवायचा दुसरा त्रास रशियाचाच आहे. 2022 नंतर तिकडच्या बऱ्याच बँकांवर निर्बंध आले आणि आपल्या साध्या बँकेतून रक्कम पाठवली तर अडकते किंवा परत येते. याचाच फायदा घेऊन एजंट म्हणतात कॅश आमच्याकडे द्या, आम्ही भरतो. आमचा आग्रह एकच होता, करारावर ज्या खात्याचा नंबर आहे त्याच खात्यात फी जाईल आणि युनिव्हर्सिटीच्या शिक्क्याची पावती येईल, मग बँक शोधायला महिना लागला तरी चालेल. मोठ्या शाखेतून झालं शेवटी. एजंटला फक्त त्याची सर्व्हिस फी दिली, तीही दोन टप्प्यात, अर्धी व्हिसासाठीचं इनव्हिटेशन आल्यावर आणि अर्धी पोरगी हॉस्टेलला पोचल्यावर. त्याला आवडलं नाही, पण मान्य केलं.

कागदपत्रं. दहावी-बारावीचे मार्कमेमो, जन्माचा दाखला, नीटचं स्कोअरकार्ड, मेडिकल आणि एचआयव्ही रिपोर्ट, फोटो. बोर्डाच्या कागदांचं व्हेरिफिकेशन लातूर विभागीय मंडळातच झालं, मग मुंबईत राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला 50 रुपये आहे, बाकी एजन्सीवाले जे घेतात तो त्यांचा चार्ज, तेव्हा कोटेशन तीन-चार ठिकाणी विचारा.

एक गोष्ट जवळून दाखवतो कारण ती पुढं फार महागात पडू शकते. आपल्या बोर्डाच्या मार्कमेमोवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव वेगळ्या ओळीत. तिकडं सगळे कागद रशियनमधे भाषांतर करून नोटरी करतात. भाचीच्या नावात 'ह' आहे आणि रशियन लिपीत त्याला सरळ अक्षर नाही, त्यामुळे एका भाषांतरकाराने तो 'ख' केला आणि दुसऱ्याने 'ग'. पासपोर्टच्या भाषांतरात एक नाव, बारावीच्या मेमोत दुसरं, आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. आज हसून सोडून दिलं तर सहा वर्षांनी डिग्रीवर जे छापून येईल ते पासपोर्टशी जुळणार नाही, आणि एफएमजीईच्या फॉर्मला डिग्री, पासपोर्ट, नीट सगळ्यावरचं नाव जुळवून बघतात. आम्ही पासपोर्टचं भाषांतर पहिल्यांदा पक्कं करून घेतलं, आणि बाकी सगळं त्याच स्पेलिंगने परत करायला लावलं. थोडे पैसे जास्त गेले. व्हिसाला देताना रशियन अक्षर न् अक्षर भाची स्वतः लावून बघत होती, तोपर्यंत तिने लिपी शिकून घेतली होती.

जुलैत कॉलेजने ऑनलाईन टेस्ट घेतली, बायोलॉजी आणि केमिस्ट्री, नीट दिलेल्या मुलाला जड नाही. मग इनव्हिटेशन. हे पत्र कॉलेज देत नाही, तिथलं गृहखातं देतं कॉलेजमार्फत, त्यामुळे वेळ लागतो आणि घाई करून उपयोग नसतो. तिकडं वर्ग 1 सप्टेंबरला सुरू होतात आणि आपली पोरं ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पोचत राहतात. भाची ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचली. पहिला व्हिसा एकाच एन्ट्रीचा, तीन महिन्यांचा असतो, तो तिथं गेल्यावर कॉलेज वाढवून देतं, म्हणून पहिल्या दिवाळीला घरी यायचा विचार करू नका, बाहेर पडलात तर परत जायचा व्हिसा नव्याने काढावा लागतो. ताईला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला, पण आधी कळलं हे बरं झालं.

युद्धाचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी यायला पाहिजे होता असं काही जण म्हणतील. तो आला, आणि रोज आला. काझान मॉस्कोपासून रेल्वेने एका रात्रीवर, व्होल्गाकाठी, सीमेपासून लांब, पण डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या उंच इमारतींवरही ड्रोन येऊन आदळले होते, हे ताईपासून लपवलं नाही. 2022 ला युक्रेनमधून हजारो भारतीय पोरं कशी निघाली, त्यांच्या शिक्षणाचं पुढं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय. आपलं वाणिज्य दूतावास काझानला होणार हे जाहीर झालेलं होतं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ते सुरूही झालं, ही जमेची बाजू. भाचीला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पार्टटाईम कामाच्या कुठल्याही ऑफरला हो म्हणायचं नाही, आणि न वाचता येणाऱ्या कागदावर सही करायची नाही, कारण रशियन सैन्यात भरती होण्याच्या ऑफर घेऊ नका म्हणून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने 2025 मध्येही जाहीर सांगितलंय आणि त्यात विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुलं पण अडकली आहेत. धोका शून्य आहे असं मी कुणाला सांगणार नाही. ज्या घराला झोप लागणार नाही त्यांनी दुसरा देश बघावा किंवा थांबावं, नीटचा स्कोअर परदेशी ऍडमिशनसाठी तीन वर्षं चालतो, याच वर्षी गेलं पाहिजे असं काही नसतं. 'सीट संपत आल्यात' हे वाक्य ऐकू आलं की समजायचं की समोरच्याला कमिशनची घाई आहे.

आत्ताची परिस्थिती अशी. पहिलं सेमिस्टर झालं. तिकडं एक तास बुडला तरी 'ओत्राबोत्का' करावी लागते, म्हणजे बुडालेला तास वेगळा बसून भरून काढायचा, आणि ते झाल्याशिवाय 'झाचोत' म्हणजे त्या विषयाची पास नोंद मिळत नाही, झाचोत नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. उशिरा पोचलेल्या पोरांवर सप्टेंबरचे सगळे तास ओत्राबोत्का म्हणून येऊन पडतात, भाचीचा पूर्ण नोव्हेंबर त्यातच गेला, रात्री हाडांची नावं लॅटिनमधे आणि सकाळी रशियनचा तास. ऍनाटॉमी निघाली, हिस्टॉलॉजी जेमतेम निघाली. हॉस्टेलच्या रूममधे तिने मुद्दाम एक इराणी आणि एक तातार (तिथल्या स्थानिक समाजातली) मुलगी अशा रूममेट मागून घेतल्या, त्यामुळे घरात बोलायची भाषा रशियनच. तातार मुलीची आई पोरींना 'चाक-चाक' नावाची मधातली मिठाई पाठवते, ती हिला आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीसारखी लागते म्हणे.

सहाव्या वर्षाच्या इंटर्नशिपचं पत्र, महिने आणि विभाग लिहिलेलं, कॉलेजकडून आलं आहे, ते स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवलंय आणि मूळ प्रत ताईच्या कपाटात आहे. माध्यमाचं पत्र आलं आहे. अक्रेडिटेशनबद्दल अजून एवढंच लेखी आहे की परदेशी पदवीधराला बसता येतं. भाचीने सहाव्या वर्षातले भारतीय सीनियर गाठलेत, त्यातले दोघं यंदा उन्हाळ्यात अक्रेडिटेशनला बसणार आहेत, बाकीचे नाही. त्यांना फॉर्म भरताना काय काय मागितलं, प्रॅक्टिकलला रशियन किती लागली आणि पास झाल्यावर हातात नेमका कुठला कागद आला, हे कळलं की या केसमध्ये भर घालेन.